विसावा विद्यार्थी

टेकवाडीच्या प्राथमिक शाळेत यंदापासून वारा तिसरीत शिकतो, आणि त्याला बसायला खरमाटे बाईंनी पुठ्ठ्याचा बोगदा करून दिला आहे.

बोगदा खरं म्हणजे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केला होता. कागदाचा कोणता पंख वाऱ्यात वर उचलला जातो, सपाट की फुगीर, एवढंच मुलांना दाखवायचं होतं. पण टेकवाडी पठारावर, वारा तिथला माजलेला. अंगणात प्रयोग मांडला की पंख दरीत आणि मुलं पंखाच्या मागं. मग बाईंनी टीव्हीच्या खोक्याचे पुठ्ठे जोडून लांब पेटी केली, बाजूला प्लास्टिकची खिडकी बसवली आणि पुढच्या तोंडाशी सरबताच्या नळ्या एकमेकींना चिकटवून जाळी केली. गोंधळ घालत आलेला वारा त्या नळ्यांमधून गेला की सरळ होतो. मागच्या तोंडाला स्वयंपाकखोलीतला धूर ओढणारा पंखा लावला. खरमाटे बाईंनी हातात घेतलं ते तडीस नेलं नाही असं सहसा झालेलं नाही.

पहिल्या दिवशी वाऱ्यानं धिंगाणा घातला. आठवड्याभरात तो उदबत्तीचा धूर रेघेसारखा सरळ नेऊ लागला. प्रयोग संपला तरी घरी जाईना, तेव्हा बाईंनी त्याचं नाव पटावर घातलं. वडिलांच्या जागी पश्चिम लिहिलं, कारण तो तिकडूनच येतो. आडनावाचं अडलं, तेव्हा मुलं म्हणाली, ढेबे लावा, निम्मी वाडी ढेब्यांचीच आहे.

नाव घालण्यात बाईंचा स्वार्थ नव्हता असं नाही. शाळेत मुलं एकोणीस होती आणि विसाच्या आतल्या शाळा बंद करायच्या, असं वरून आलं होतं. शाळा बंद झाली असती तर मुलांना ओढा ओलांडून खालच्या गावात जावं लागलं असतं. पावसाळ्यात त्या ओढ्याला मोठ्यांच्या कमरेइतकं पाणी असतं. पहिलीतल्या काजल आखाडेच्या ते गळ्याला लागलं असतं.

पट तपासायला गायधनी साहेब आले. साहेब सरळ माणूस, पण नियमाचे पक्के. त्यांनी मुलं मोजली, मग बोगद्याच्या खिडकीतून आत पाहिलं.

"हा विसावा?"

"हो. वारा पश्चिम ढेबे."

"परजिल्ह्यातून आलेला दिसतो. दाखला?"

"दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. ते खरंच होतं. "अभ्यासात कसा आहे?"

बाईंनी दोन्ही पंख दोऱ्यानं आत टांगले आणि विचारलं, "सांग बाळ, कोणता उचलतो?" फुगीर पंख अलगद वर गेला.

"बरोबर," साहेब म्हणाले. "पण का उचलतो?"

आत काहीच हललं नाही.

"तिसरीला 'का' विचारत नाहीत," बाई म्हणाल्या.

तेही साहेबांना पटलं. मग त्यांची नजर मागच्या पंख्यावर गेली. "हा कशाला?"

"आत ओढायला."

"म्हणजे मुलाला ओढून आणता?"

"पहिलीतली निम्मी ओढूनच आणावी लागतात."

"आणावी लागतात, मान्य. पण इथं दिवसभर ओढणं चालू आहे." साहेबांनी पंख्याची पिन स्वतःच्या हातानं काढली. "शाळा सुटली की घरी जाऊ द्या. उद्या मी पुन्हा येतो. स्वतःहून आला तर वीस, नाहीतर एकोणीस."

"येईल," बाई म्हणाल्या. शाळा सुटल्यावर त्यांनी बोगद्याची दोन्ही तोंडं उघडी केली आणि बजावलं, "उद्या साडेदहाला. प्रार्थनेच्या आत."

दुसऱ्या दिवशी पठारावर गवताचं पातंही हलत नव्हतं. प्रार्थना झाली. साहेबांनी हजेरी स्वतः घेतली. एकोणीस मुलांनी 'हजर' म्हटलं, काजलनं सगळ्यात मोठ्यानं.

"वारा पश्चिम ढेबे."

साहेबांनी पुन्हा पुकारलं. दारापर्यंत जाऊन बाहेर पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "काल एवढं सांगूनसुद्धा! शिस्त म्हणून नाही या मुलाला." मग खुर्चीत बसून त्यांनी पेन उघडलं. "एकोणीस लिहितो, बाई. माझा नाइलाज आहे."

बाईंच्या समोर काजल बसली होती, मांडी घालून, अजून हात वर करूनच. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"गैरहजर लिहा, साहेब."

"काय?"

"तुम्ही त्याचं नाव दोनदा पुकारलंत. वाट पाहिलीत. आला नाही म्हणून रागावलात. ढेब्यांची शेळीही आज शाळेत आलेली नाही. तिच्यावर रागावलात का?"

"शेळीचा काय संबंध?"

"तेच म्हणते मी. जो शाळेचा नाही, तो गैरहजर राहूच शकत नाही."

शाळेचा एवढा जुना नियम इतकी वर्षं आपल्या डोक्यातून कसा निसटला, याचं साहेबांना वाईट वाटत असावं. त्यांनी लाल शाईनं वाऱ्यापुढं गैरहजर लिहिलं, सही केली आणि खाली लिहिलं, पट वीस.

"आणि गैरहजर मुलाला बोलवायला कोण जातं?" त्यांनी दरडावून विचारलं. "की घरी राहिला तर राहिला?"

ते मात्र टेकवाडीला सांगावं लागत नाही. कुणी आलं नाही की दोन मुलं त्याच्या घरी जातात. बाईंनी चौथीतल्या समीक्षा ढेबेला उठवलं आणि काजल आपणहून तिच्या मागं निघाली. दोघी पश्चिमेच्या चढावर गेल्या.

परत आल्या तेव्हा त्या शेजारी शेजारी चालत नव्हत्या. मधे एकाची जागा सोडलेली होती आणि तेवढ्याच पट्ट्यातलं गवत आडवं होत होतं.

"झोपला हुता, बाई," समीक्षा म्हणाली. "त्यांच्याकडं पाव्हणं आल्यात."

"पाहुणे आले तरी शाळा बुडवायची नाही," साहेब दाराकडे पाहून म्हणाले आणि त्यांनी टेबलावरच्या कागदांवर तळहात ठेवला. वारा उंबऱ्यावर थांबला. बाईंनी "ये" म्हटल्यावर आत आला आणि मुकाट्यानं बोगद्यात जाऊन बसला. हजेरीतलं गैरहजर तसंच राहिलं, कारण त्यात खाडाखोड चालत नाही.

जाताना साहेब म्हणाले, "आजपासून खिचडी वीस जणांची शिजवा."

बाईंनी फळ्याकडे तोंड करून पदरानं डोळे पुसले. मग स्वयंपाकखोलीच्या दाराशी जाऊन त्यांनी सुंद्रामावशींना एक मूठ तांदूळ वाढवायला सांगितलं.

"वाढवते की. पण लई गरम असतीया," मावशी म्हणाल्या. "चालंल का त्याला?"

"चालंल," काजल म्हणाली. "फुकून फुकून खाईल."