तीन खोक्यांची गळचेपी

सकाळी पेपर उघडला आणि वहिनींच्या हातातला चहा तसाच राहिला. पहिल्या पानावर त्यांचाच फोटो, आणि वर बोटभर जाड अक्षरांत मथळा: 'परदेशाची मुजोरी! गृहउद्योगाची गळचेपी!'

"गळचेपी? कुणाची गळचेपी? अहो भावोजी!"

भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. त्याच पेपरात उपसंपादक होते आणि समोरच बसून निवांत बिस्कीट बुडवत होते.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला? रंगाच्या ब्रशांच्या तीन खोक्यांवर लेबलं चुकीची लागली, चूक माझी, म्हणून त्या परदेशी खरेदीदारानं ती परत पाठवली. यात मुजोरी कुठून आली?"

"वहिनी, 'लेबल चुकलं' हा काय मथळा झाला? कोण वाचणार?"

"अहो, आज दुपारी तो खरेदीदार स्वतः येतोय! सहा महिन्यांचं काम आहे. ते गेलं तर माझ्या ब्रशांच्या कारखान्यातल्या अकरा बायका घरी बसतील. त्यांना तुमचा मथळा वाढू का ताटात?"

"सहानुभूती मिळेल की."

वहिनींनी बिस्किटांचा डबा उचलला आणि कपाटात कोंडला.

सहानुभूती मात्र मिळाली, अगदी नको इतकी. शेजारच्या काकूंनी नुसता मथळा ऐकला होता. त्या गळ्याला लावायला मलम घेऊन आल्या. दुपारी गल्लीतले पुढारी वीस माणसं घेऊन कारखान्याच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी एक परदेशी छत्री पेटवली. कापड भुर्रकन जळून गेलं, उरल्या तारा. मग त्या तारांभोवतीच घोषणा सुरू झाल्या. "गळचेपी बंद करा!"

नेमकी तेव्हाच खरेदीदाराची गाडी आली. सोबत दुभाषी बाई होत्या. त्यांचं मराठी कानानं शिकलेलं. बोलायच्या झकास, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं.

"कोणाचा गळा दाबला?" त्यांनी घाबरून विचारलं. "पोलिसांना कळवलं का?"

"गळाबिळा काही नाही हो! आमचे पेपरवाले मेले लिहितातच तसं."

हे ऐकून खरेदीदारानं सुस्कारा सोडला आणि बॅगेतून आपल्या देशाचा पेपर काढला. दुभाषी बाईंनी त्यातला मथळा मराठीत सांगितला, "'बलाढ्य परदेशी कंपनीचा घातकी डाव!' साहेब विचारतात, ती बलाढ्य कंपनी कुठे आहे?"

वहिनींनी चार टेबलं, अकरा बायका आणि बंद पडलेला पंखा दाखवला. खरेदीदार पोट धरून हसला. वहिनींचं मात्र डोकंच फिरलं.

"दोन्हीकडचे सारखेच! इकडे मी बिच्चारी, तिकडे मी राक्षसीण! आणि खोक्यावरचं लेबल एकालाही दिसत नाही!"

खरेदीदारानं कोट काढला, फरशीवर गुडघे टेकले आणि अगदी खालचं खोकं उघडून एकेका ब्रशाचे केस ओढून पाहिले. माल पसंत पडला. पक्कं काय ते उद्या सकाळी फोनवर सांगतो म्हणाला. दारात भावोजी मोबाइल घेऊन उभे होते, ते या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर गुडघ्यांवर बसलेला खरेदीदार होता, समोर कमरेवर हात ठेवून वहिनी, आणि मथळा: 'अखेर परदेशाने गुडघे टेकले!'

"भावोजी!!"

"टेकले होते की! फोटोच आहे."

"खोकं बघायला टेकले होते हो! अकरा जणींच्या पोटावर पाय देताय तुम्ही, कळतंय का?"

तेवढ्यात फोन वाजला. दुभाषी बाई होत्या. "हॉटेलात पेपर आलाय. साहेबांना फोटो फार आवडला. पण वर एवढं मोठं काय लिहिलंय?"

वहिनींनी एकदा मथळ्याकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे.

"लिहिलंय," त्या म्हणाल्या, "पाहुण्यांनी अगदी खाली बसून, बारकाईनं माल पाहिला."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "साहेब म्हणतात, तुमचे पेपरवाले सुधारले. काम पक्कं!"

वहिनींनी फोन ठेवला. भावोजी आ वासून बघत होते.

"वहिनी," ते आदरानं म्हणाले, "आमच्याकडे मथळे लिहायला एक जागा रिकामी आहे हो."

त्यावर वहिनींना जो संताप आला, त्यातला निम्माच भावोजींवर होता.