बुदोलचं प्रात्यक्षिक

"मला बुदोल करून गंडवणारा अजून जन्माला यायचाय," असं गाउदेन्सिओ सर बायकोला ठणकावून म्हणाले आणि तिचं दुरुस्त झालेलं शिलाई मशीन आणायला निघाले. पुरिंग शाळेचे गणवेश शिवून घर चालवायची. शाळा सोमवारी उघडणार होती.

"मशीन घ्या नि सरळ घरी या. व्याख्यान देत बसू नका," पुरिंग म्हणाली.

परतीच्या वाटेवर जीपनीच्या, म्हणजे प्रवासी जीपगाडीच्या, थांब्यावर दुपार पेंगुळली होती. समुद्राचा वारा यायचा आणि मध्येच झोपी जायचा. सर मशीन मांडीवर घेऊन बदामाच्या सावलीत बसले. शेजारी एक सभ्य तरुण होता, हातात कागदाचं पुडकं.

"सर, तुम्ही शिकलेले दिसता. हे बुदोल म्हणजे नेमकं काय हो?"

झालं! निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत सरांना कुणी कसलाच अर्थ विचारला नव्हता. त्यांच्या अंगावरून मोरपीस फिरलं.

"बुदोल म्हणजे गोड बोलून लुबाडणं. भामटा खांद्यावर थोपटतो नि माणसाला भूल पडते, असं लोक समजतात. पण शब्दाचं मूळ वेगळं. अमेरिकन लोक खोट्या नोटांच्या पुडक्याला बूडल म्हणायचे, त्यावरून आला असावा. वर एक खरी नोट, खाली नुसते कागद."

"आणि वापरतात कसा?"

"आता कसाही. परवा माझ्या वहिनीने सेलमध्ये तीन छत्र्या घेतल्या, तर म्हणते मला बुदोल झालं."

तरुण जिवाचा कान करून ऐकत होता. सरांना उन्हात खडूची धूळ तरंगताना दिसू लागली. समुद्र लांब गेला, गाड्यांचे आवाज कापसातून आल्यासारखे येऊ लागले. कित्येक वर्षांत त्यांना इतकं छान वाटलं नव्हतं.

"पण माणूस आपली वस्तू आपल्या हाताने देतो कशी? हे काही डोक्यात शिरत नाही, सर."

"ऊठ. तू भामटा. ते पुडकं विश्वासाने माझ्याकडे दे. आता ही माझी वस्तू तुझ्याकडे." सरांनी मशीन स्वतः त्याच्या खांद्यावर चढवून दिलं. "चालायला लाग. अरे, भामटा असा रेंगाळतो का? त्या कोपऱ्यापर्यंत जा. मागे बघायचं नाही. शाब्बास!"

पोरगा भलताच हुशार निघाला. सर कौतुकाने बघत राहिले. एक गाडी येऊन गेली, दुसरी गेली. तिसरीच्या भोंग्याने त्यांना जाग आली.

निरोप मिळताच पुरिंग चौकीत धावत आली, तेव्हा हवालदार तक्रार लिहीत होता.

"खांद्यावर थोपटलं त्याने?"

"नाही."

"काही हुंगायला दिलं?"

"नाही हो. अर्थ विचारला."

पुरिंग म्हणाली, "साठ गणवेश कापून पडलेत घरी. आता काय हाताने शिवू?" तिचे डोळे भरून आले. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो गं, पुरिंग."

"हवालदारसाहेब, भूल पाडली असं लिहा," ती डोळे पुसत म्हणाली. "मला गावात तोंड दाखवायचंय."

"आणि पुडक्यात काय निघालं?" हवालदाराने विचारलं.

"नुसते कागद," सर म्हणाले. "वर खरी नोटसुद्धा नाही. म्हणजे हे शास्त्रशुद्ध बुदोल नव्हेच."

"असं? मग शास्त्रशुद्ध कसं असतं, सर?"

सरांची नजर हळूहळू खिडकीबाहेर, लांब कुठेतरी गेली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पुरिंगने मुकाट्याने त्यांच्या खिशातून घराची किल्ली काढून घेतली.