मोठ्या सिस्टर अधांतरी

आजी आज स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या तर उद्या घरी, नाहीतर आणखी महिनाभर इथेच, असं डॉक्टर सांगून गेले आणि वॉर्डात दोन पक्ष पडले. व्यायाम घेणाऱ्या ताई आजींचा हात धरायला पुढे झाल्या, तशा मोठ्या सिस्टर आडव्या आल्या.

"हातानं उचलायचं नाही. दोन नर्सच्या कमरा गेल्यात माझ्या वॉर्डात. पेशंट उचलायचं यंत्र आहे ना?"

"यंत्रानंच उचललं तर पाय काम विसरतील, सिस्टर."

खुर्चीतल्या आजींनी तिसराच पक्ष काढला. "हात नको नि यंत्र नको. मी पडेन." न्हाणीघरात पडल्यापासून त्यांचा कुणावरच भरवसा नव्हता, स्वतःच्या पायांवर तर नव्हताच.

"काही पडत नाही. बघा, मीच बसून दाखवते," म्हणत सिस्टर यंत्राच्या झोळीत बसल्या. ताईंनी रिमोटचं बटण दाबलं. सिस्टर डौलात वर गेल्या. वादाच्या भरात चाकांना ब्रेक लावायचा तेवढा राहिला होता. फरशीला दाराकडे उतार, त्यामुळे यंत्र सिस्टरना घेऊन तिकडेच निघालं. ताईंनी रिमोट टाकून दोन्ही हातांनी खांब धरला. रिमोटची गुंडाळीची वायर उसळली आणि रिमोट आजींच्या डोक्यावरच्या पडद्याच्या दांडीला जाऊन लटकला.

जेवणाची वेळ. हाकेला ओ द्यायला कुणी नाही. ब्रेकपर्यंत ताईंचा पाय पोचेना, आणि खांब सोडावा तर सिस्टर दाराबाहेरच्या जिन्यावर जाणार.

"आजी, तेवढा रिमोट काढता?"

आजींनी वर पाहिलं, लोंबकळणाऱ्या सिस्टरकडे पाहिलं, खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि थरथरत उभ्या राहिल्या. अगदी सरळ.

"आजी, उभ्या राहिलात तुम्ही," ताईंना रडूच फुटलं.

"कळतंय मला," म्हणत आजींनी बटण दाबलं. सिस्टर आणखी वर गेल्या.

"खालचं बटण, आजी. आणि ताई, पेशंट एकटी उभी आहे, आधार द्या."

"हातानं?" ताईंनी विचारलं.

सिस्टर वरूनच हळू आवाजात म्हणाल्या, "राहू दे. आजी, घाई नाही हं. जमेल तेवढं उभ्या राहा. मी आहे इथेच."

आजींनी खालचं बटण दाबून सिस्टरना उतरवलं. संध्याकाळी हे ऐकून डॉक्टरांचा अर्थातच विश्वास बसेना. "उद्या माझ्यासमोर उठू देत, मग बघू."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तर आजी हाताची घडी घालून बसलेल्या.

"उठताय ना, आजी?"

"आधी सिस्टरना वर चढवा."

ताईंनी हसू लपवायला मान खाली घातली. सिस्टर मात्र मुकाट्यानं झोळीत जाऊन बसल्या.

"ब्रेक लावा आधी," त्या म्हणाल्या, "आणि रिमोट तिथंच दांडीला अडकवा. वरती."