दोरी दिसली पाहिजे

वाळंजमामांच्या हातात कुठलीही लेन्स दिली, की ते आधी कपडे वाळत घातलेली दोरी शोधायचे. डोंगर नको, देऊळ नको, झाडावरचा पक्षी नको. दोरी, आणि तीही लांबची. कॅमेऱ्याला डोळा लावून ते बराच वेळ बघत राहायचे आणि शेवटी निकाल द्यायचे, "चिमटा दिसंना. न्हाई चालायचं हे भिंग."

मामा आमच्या पिरंगुटच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते आणि मी पर्चेसला. म्हणजे मी जे विकत घ्यायचो ते नापास करणं, हे त्यांचं काम. त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन खडू असायचे, एक पांढरा आणि एक लाल. चांगल्या मालावर पांढरी खूण, खराब मालावर लाल फुली. एकदा मारलेली फुली त्यांनी वीस वर्षांत कधी पुसली नव्हती. मालकांनी सांगून बघितलं, पुरवठादारांनी पेढे आणून बघितले. मामा पेढा खायचे आणि म्हणायचे, "फुली मारली म्हंजी मारली. आता मलाबी पुसता येत न्हाई."

मला या माणसाचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जड जाईल. मी परभणीहून आलेला, डिप्लोमा झालेला, टेबलखुर्चीवर बसणारा माणूस. मामा मुळशी धरणाच्या काठच्या गावचे, सातवी शिकलेले. पण मालक मशीनशॉपमध्ये आले की मामांच्या खांद्यावर हात ठेवून घरची चौकशी करायचे, आणि मला विचारायचे, "ते रबर सील अजून का आलं नाही?" मामांनी डबा उघडला की चार जण सरकून त्यांच्याजवळ बसायचे. माझ्या डब्यात काय आहे हे कुणी कधी विचारलं नाही. मामांकडे नसलेली एकच वस्तू माझ्याकडे होती, ती म्हणजे कॅमेरा.

ही दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. लेन्स बदलता येणारे डिजिटल कॅमेरे तेव्हा नुकते पगारदार माणसाच्या आवाक्यात येत होते. मी हप्त्यांवर एक घेतला, दसऱ्याच्या मशीनपूजेचे फोटो काढले आणि कारखान्यात थोडा भाव खाल्ला. हे सुख चार महिने टिकलं. संक्रांतीनंतरच्या एका सोमवारी मामांनी कापडी पिशवीतून कॅमेरा काढून माझ्या टेबलावर ठेवला. पौडच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतलेला, पण माझ्यापेक्षा एक मॉडेल वरचा. मी "वा, छान" म्हणालो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पावसाळ्यात दमट हवेनं लेन्सच्या काचेला बुरशी लागते, म्हणून मी हवाबंद डबा आणला, त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, पुड्या बदलायच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवल्या. मामा कॅमेरा धोतराच्या फडक्यात बांधून तांदळाच्या कोठीत ठेवायचे. सप्टेंबरात माझ्या लेन्सवर कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी आली. त्यांच्या कॅमेऱ्याला आंबेमोहोराचा वास येत होता, बाकी काही झालं नव्हतं.

आता त्यांना लांबचं दिसणारी झूम लेन्स हवी होती. मलाही हवी होती. ताम्हिणीच्या जंगलातल्या धनेश पक्ष्याचा फोटो मला काढायचा होता, कारण हिंजवडीच्या आयटीतली पोरं हातभर लांब लेन्सा घेऊन दर रविवारी तिकडे जाऊ लागली होती आणि ते माझ्यानं बघवत नव्हतं. नवी लेन्स दोघांनाही परवडण्यातली नव्हती. तेव्हा आम्ही जोडीनं जुनी शोधायला लागलो. मी माझ्या गरजेपोटी त्यांना बरोबर घ्यायचो, कारण वस्तूतला दोष त्यांच्याइतका कुणाला दिसत नसे.

मी त्यांना एकदा समजावलं, की आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे कडेचं चित्र कापलं जातं आणि मधलं तेवढं उरतं. म्हणून दोनशे मिलिमीटरची लेन्स आपल्याकडे तीनशेसारखी चालते.

मामांनी विचार केला. "म्हंजी जेवढं बघायचंय तेवढंच बघतो, बाकीचं सोडून देतो?"

"तसंच म्हणा."

"मग बेस हाय. आपल्याला बाकीचं नकोच हाय."

वर्षभर मी पुस्तकं वाचून जे समजून घेतलं होतं, ते या माणसानं दोन वाक्यांत संपवलं. याचाही मला राग आला.

लेन्स बघायची त्यांची एक रीत होती. आधी वास घ्यायचा. मग कानाशी धरून हलवायची, आत काही खुळखुळतं का बघायला. मग तोंड खाली करून धरायची, झूम आपोआप घरंगळला तर नापास. मग टॉर्च मारून आतल्या काचा बघायच्या. आणि एवढ्यातून ती सुटली तर शेवटी दोरी. शहरातल्या एका जुन्या मालाच्या दुकानदारानं तर मामा दिसले की शटर ओढायला सुरुवात केली होती. एकदा कारखान्याच्या गेटवरून त्यांनी समोरच्या चाळीतल्या दोरीवर कॅमेरा रोखला, तेव्हा एक बाई कंबरेला पदर खोचून खाली आली. मामा शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या साडीकडं न्हाई बघत. चिमट्याकडं बघतुया." ती परत गेली आणि तिनं कपडेच काढून घेतले.

"मामा, एवढं लांबचं बघायचंय तर दुर्बीण घ्या की," मी म्हणालो. "स्वस्तात पडेल."

"दुर्बीण लावली की लोक इचारत्यात, काय बघतुयास? क्यामेरा लावला की कुणी इचारत न्हाई. आन् दुर्बिनीतलं घरी नेऊन दाखवता येत न्हाई."

कुणाला दाखवायचंय, हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही. मी तेव्हा धनेशाच्या विचारात होतो.

दिवाळीनंतर कासार आंबोलीच्या एका बंगल्यात एक लेन्स विकाऊ असल्याचं मला कळलं. सत्तर ते तीनशेची, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी. बंगल्याचे मालक सबनीस म्हणून निवृत्त इंजिनिअर होते. मी त्यांना दोन महिने फोन करत होतो, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत होतो, त्यांच्या बागेतल्या शेवंतीचं कौतुक करत होतो. शेवटी एका रविवारी त्यांनी बोलावलं आणि मी मामांना तपासायला घेऊन गेलो.

मामांनी वास घेतला, कानाशी हलवली, टॉर्च मारला. मग व्हरांड्यात उभं राहून शेताच्या पार पलीकडच्या वॉचमनच्या खोलीकडे कॅमेरा धरला.

"चिमटे दिसत्यात," ते हळूच म्हणाले. "निळे हायेत."

आतापर्यंत अकरा लेन्सा झाल्या होत्या. पास झालेली ही पहिली.

सबनीस म्हणाले, "माझे हात थरथरतात आता, म्हणून देतोय. पण काय काढणार तुम्ही हिनं?"

मी धनेशावर पाच मिनिटं बोललो. चोच, घरटं, जंगलतोड, सगळं. सबनिसांनी मान हलवली आणि मामांकडे बघितलं.

"माजा एकच फोटो हाय, सायेब," मामा म्हणाले.

"एकाच फोटोसाठी एवढी शोधाशोध?" सबनीस हसले. "मग तुम्हीच घ्या. थांबा, खोका आणतो." आणि ते आत गेले.

दोन महिने गुडघे विचारले मी, आणि लेन्स मामांना. मी टॉर्च घेतला, लेन्समध्ये मारला आणि हलक्या आवाजात म्हणालो, "मामा, मागच्या काचेला बुरशी आहे. बारीक आहे, पण आहे. वर्षभरात सगळी पांढरी होईल."

मामांनी लेन्स माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरून बघितली. मग तेवढाच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुमी म्हणता तर असंल," ते म्हणाले, आणि लेन्स टेबलावर ठेवली. खोका घेऊन आलेल्या सबनिसांना त्यांनी लेन्स नको म्हणून सांगितलं.

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी ती विकत घेतली.

लेन्स हाती आली आणि माझी पंचाईत झाली. मिरवायची कुणासमोर? तीन आठवडे मी ती पिशवीत लपवून वागवली. एके दिवशी नापास मालाचा कागद घेऊन मामा माझ्या टेबलाशी आले, आणि पिशवी उघडी होती. त्यांनी लेन्स उचलली, वास घेतला.

"बुरशी काढून घेतली व्हय?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं." त्यांनी लेन्स अलगद जागच्या जागी ठेवली. "येत्या रविवारी आमच्या गावाला येता का, सायेब? एक फोटो काढायचाय. एकच."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी मोटरसायकलवर त्यांच्या गावी पोचलो. घराच्या मागे उतार, उतारानंतर धरणाचं पाणी. पलीकडचा काठ अर्ध्या किलोमीटरवर असेल. रस्त्यानं जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा घालून दीड तास. मामा बांधावर उकिडवे बसले आणि त्यांनी बोट दाखवलं.

"ते दोन आंबे दिसत्यात न्हवं? त्यांच्या मधी पत्र्याचं घर. माजी सुमन तितं नांदती."

मी त्या आंब्यांकडे बघितलं.

"न इचारता लगीन केलं तिनं. दीड वरीस झालं. मी बोलून बसलो, तुज्या दारात पाऊल टाकणार न्हाई. तिच्या आईलाबी जाऊ दिलं न्हाई." ते पाण्याकडे बघत होते. "पौडच्या बाजारात कानावर आलं की पोरीला दिवस हायेत. आता झालं असंल. झालं का न्हाई, नीट हाय का न्हाई, कुणाला इचारायचं? मीच सगळ्यांस्नी सांगून ठिवलेलं, तिचं नाव काढायचं न्हाई."

"आणि म्हणून दोरी?"

"बाळ असंल तर दोरीवर दिसंल की. पाऊल टाकणार न्हाई असं बोललो हुतो, सायेब. बघणार न्हाई असं न्हवतो बोललो."

मी कॅमेऱ्याला लेन्स लावली आणि झूम तीनशेपर्यंत नेला. आंबे आले, पत्रा आला, अंगण आलं, मग दोरी. दोन साड्या, एक पुरुषाचा शर्ट, आणि त्यांच्यापुढे लहान पांढऱ्या चौकोनांची रांग. अगदी टोकाला तळहाताएवढं काहीतरी पिवळं. झबलं असावं.

"दोरी दिसली का?"

"दिसली," मी म्हणालो, आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी डोळा लावला तो काढला नाही. मी विचारलं, "चिमटे दिसतात का, मामा?"

"चिमट्याचं काय करायचंय?" ते म्हणाले.

फोटो काढून झाल्यावर मी सांगून टाकलं. "मामा, बुरशी नव्हती. मी खोटं बोललो."

"ठावं हाय. मी बघितलं हुतं की भिंग."

"मग घेतली का नाही तुम्ही?"

"तुमचं तोंडबी बघितलं हुतं. तुमाला लई पायजे हुतं ते. मला एक डाव बघायचं हुतं, तुमाला रोज लागतंय. आन् तुमी न्हाई म्हणला नसता मला."

माझ्यावर कुणी लाल फुली मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

घरी मामींनी पदराला हात पुसून कॅमेरा घेतला. मी पडद्यावर चित्र मोठं करून दिलं. त्यांनी चष्मा वरखाली करत लंगोट मोजले. "सात," त्या म्हणाल्या. "दुपटं कुटं दिसंना. थंडीचं कसं व्हायचं?" मग त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली दुपटी काढून आणली. पाच होती. टाके इतके बारीक, की मामांच्या इन्स्पेक्शनमधून सहज सुटली असती.

मामा त्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. "ही कवा शिवली?"

"तुमी भिंग हुडकत हुता, तवा."

मामा उठले, शर्ट बदलून आले आणि मला म्हणाले, "गाडीत पेट्रोल हाय का?"

आम्ही तिघं एका मोटरसायकलवर धरणाला वळसा घालून गेलो, मधे मामी, त्यांच्या मांडीवर दुपटी. मामा बोलल्याप्रमाणे दारात गेले नाहीत. अंगणात, त्या दोरीखाली उभे राहिले. मामी आत गेल्या. थोड्या वेळानं सुमन बाळाला घेऊन बाहेर आली आणि तिनं ते मामांच्या हातात दिलं. मामांनी आधी त्याच्या टाळूचा वास घेतला. मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते रडायला लागले.

मी घाईनं कॅमेरा काढला. पण ती लेन्स लांबचं बघायची. एवढ्या जवळून तिच्यात मामांचा अंगठा आणि बाळाचा एक कान, इतकंच येत होतं. सगळे मावावेत म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो, मग आणखी एक, असं करत कुंपणाला जाऊन टेकलो. तिथून ते सगळे नीट चौकटीत आले. माझ्या आयुष्यातल्या कुणासाठी मी कधी अकरा लेन्सा बघितल्या नव्हत्या, आणि माझ्याकडे असं लांबून कुणी बघत असेल असंही मला वाटत नव्हतं. लेन्स माझ्या हातात होती, आणि हेवा मला अजूनही मामांचाच वाटत होता.