मफिनच्या वाट्याचं भरीत

गोरक्षराव बोरस्ते काट्यावर कुत्र्याचं जेवण तोलत होते. काटा जरा पुढे सरकला म्हणून त्यांनी दोन दाणे उचलून परत डब्यात टाकले. उभं आयुष्य सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात गेल्यामुळे कमी-जास्त हा प्रकार त्यांना सोसत नसे. कुत्रा समोर बसून हा अन्याय बघत होता. आत मैनाबाई गॅसवर वांगी भाजत होत्या आणि त्या वासानं कुत्र्याच्या तोंडातली लाळ पार फरशीपर्यंत पोचली होती.

कुत्र्याचं नाव मफिन. रंग सायीसारखा, जात लॅब्राडोर, राहणार गंगापूर रोड. त्याचे मालक रोहित आणि चैताली सिंगापूरला गेले होते आणि मफिनला त्यांनी सातपूर कॉलनीत बोरस्त्यांच्या घरी सोडलं होतं. गोरक्षरावांनी नुकताच तो धंदा काढला होता. मालक बाहेरगावी गेले की कुत्रा आमच्याकडे, पिंजरा नाही, काही नाही, अगदी घरच्यासारखा.

हा त्यांचा तिसरा धंदा. स्वेच्छानिवृत्तीनंतर आधी त्यांनी मिरची कांडायचं यंत्र आणलं, तेव्हा अख्खी गल्ली शिंकून बेजार झाली. मग फुलझाडांची नर्सरी काढली, ती शेजारच्या शेळीनं खाल्ली. त्यानंतर मैनाबाईंनी निकाल दिला होता.

"हे कुत्र्यांचं शेवटचं. हे बुडालं की गुपचूप नांदगावला जायचं आणि सहादूभाऊच्या दुकानात बसायचं."

सहादूभाऊ म्हणजे मैनाबाईंचे थोरले भाऊ, खत-बियाण्यांचे व्यापारी. त्यांच्या दुकानात गोरक्षराव एकदा अर्धा दिवस बसले होते. तेवढ्यात मेहुण्यांनी आल्यागेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून टाकलं होतं, "हे आमचे दाजी. सध्या मोकळेच हायेत." नांदगाव टाळायचं तर मफिन खूश हवा होता, आणि मफिनपेक्षा चैताली. शहरातल्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर तिचा शब्द चाले. ती चांगलं म्हणाली तर सुट्टीत घर कुत्र्यांनी भरणार होतं. वाईट म्हणाली तर नांदगावची एसटी होतीच.

चैतालीनं जाताना बजावलं होतं, "काका, फक्त कोरडं खाणं, तेही मोजून. आणि कांदा-लसूण म्हणजे कुत्र्यांना विष. एक तुकडासुद्धा नाही." एवढ्यावर न थांबता तिनं हॉलच्या भिंतीवर कॅमेरा लावून घेतला होता. त्यातून तिला सिंगापुरात मफिन दिसे. शिवाय तिला वाटेल तेव्हा त्यातून बोलताही येई. त्यामुळे गोरक्षराव आपल्याच हॉलमध्ये बनियनवर यायचे बंद झाले होते.

पहिल्याच दिवशी गल्लीतली कुत्री मफिनला पाहून भुंकली आणि मफिननं जेवण सोडलं. लगेच भिंत बोलली, "काका, त्याला स्ट्रेस येतोय." गोरक्षरावांनी बिस्किटांचे पुडे उचलले आणि एकेक बिस्कीट टाकत गल्लीतली झाडून सगळी कुत्री नाल्यापलीकडे, थेट चिकनच्या दुकानापाशी नेऊन सोडली. तिथलं वैभव पाहून एकही परत फिरलं नाही. आपण हा प्रश्न कायमचा सोडवला, या समाधानात गोरक्षराव होते. एक गोष्ट त्यांनी पाहिली नव्हती, आणि ती म्हणजे मैनाबाईंची भिंतीवरची दिनदर्शिका.

आज चंपाषष्ठी होती. निम्म्या गल्लीचं कुलदैवत खंडोबा. आषाढापासून या घरांत वांगं बंद, कांदा बंद, आणि शेवटचे दिवस तर उपासाचे. आज ते सुटायचे. भरीत आणि बाजरीचे रोडगे करायचे, देवाला दाखवायचे, आणि मग पहिला घास कुत्र्याला घालायचा, कारण कुत्रा हा खंडोबाचा. त्यानं ताटाला तोंड लावल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही.

दुपार झाली तशी गल्लीत ताटं घेतलेल्या बायका दिसू लागल्या. कुत्रं मात्र औषधालाही दिसेना. पलीकडच्या ओट्यावरचे बहिरूअण्णा स्कूटरवरून नाल्यापलीकडे जाऊन आले आणि म्हणाले, "समदी तिथंच हायेत. पन त्या बाजूच्या लोकांनी त्यांना सकाळपासून एवढं भरवलंय, की उठायला तयार नाय. ताट नाकापाशी धरलं तर तोंड फिरवत्यात."

हे बोलणं चाललेलं असताना बोरस्त्यांच्या खिडकीतून मफिन भुंकला. सगळ्या ताटांनी एकदम तोंड वळवलं.

सर्वांत पुढे कुसाबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सिन्नरकडच्या, आणि देवाधर्माच्या बाबतीत गल्लीचं हायकोर्ट. त्या सरळ हॉलमध्ये आल्या. मागून गल्ली आली.

"गोरखबाबा, तुझ्या कुत्र्याला जरा पुढं घे."

"काकू, ते माझं नाही. लोकांचं आहे."

"देवाचं कुत्रं लोकांचं कसं आसंल?"

गोरक्षरावांनी मफिनचा पट्टा दिवाणाच्या पायाला बांधला. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "काका, एवढी माणसं का आलीत? आणि ताटात काय आहे?"

कुसाबाईंनी पदर सावरून हात जोडले.

"काकू, तो कॅमेरा हाय," बहिरूअण्णा म्हणाले.

"आसूं दे. पन बाई कुठून बोलती?"

"सिंगापूरहून."

"मग तिलाच इचारते. पोरी, कुत्र्याला नैवेद्याचा घास घालायचाय. घालू का?"

चैतालीला सगळं समजावून सांगावं लागलं. ती शांतपणे म्हणाली, "आजी, तुमच्या भावना कळतात. पण भरितात कांदा असतो. तो त्याला चालणार नाही."

"मग नुसता रोडगा घालते."

"त्याला बाजरीची ॲलर्जी आहे."

बाजरीची ॲलर्जी असलेला प्राणी जगत कसा असेल, या विचारानं दोन-तीन बायकांना खरंच वाईट वाटलं. मफिन मात्र आनंदात होता. जन्मात न आलेला वास आज चारी बाजूंनी येत होता आणि तो दिवाणासकट पुढे सरकू पाहत होता.

"बिनकांद्याचं भरीत केलं तर?" गोरक्षरावांनी सुचवलं.

"अहो, जरा विचार करून बोला," आतून येत मैनाबाई म्हणाल्या. त्यांच्याही हातात ताट होतं. "पाच महिने देवाच्या नावानं कांदा सोडला, आणि आज देवालाच बिनकांद्याचं वाढू? आणि ॲलर्जीचं काय?"

"मग नुसता वास घेऊ दे त्याला."

"वासानं तुझं पोट भरतं का?" कुसाबाईंनी विचारलं. "मंग देवाचं कसं भरंल?"

बायकांत कुजबूज सुरू झाली. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. घरोघरी भरीत निवत होतं. कोणीतरी म्हणालं, "पण आपल्या गल्लीतली कुत्री तिकडं गेली तरी कशी?" आणि बहिरूअण्णांना, जे एरवी स्वतःचा चष्मा कुठे ठेवला तेही विसरत, नेमकं आठवलं.

"आहो, बोरस्तेसाहेबच नाय का बिस्किटं टाकत घेऊन गेले? मी म्हनलं, काय दयाळू मानूस हाय!"

सगळी गल्ली गोरक्षरावांकडे पाहू लागली. मैनाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. नवरा-बायकोच्या संसारात ताट खाली ठेवलं जातं तेव्हा पुढे काय येतं, हे गोरक्षरावांना ठाऊक होतं.

पण त्यांच्याआधी कुसाबाईच बोलल्या. "आमच्या म्हायेरी जागरनाला वाघ्या यायचा. वाघ्या म्हंजे देवाचा कुत्राच. कुत्रं नाय मिळालं तर वाघ्या बसायचा चार पायांवर, भुंकायचा, आन् ताटाला तोंड लावायचा. देवाला चालायचं त्ये."

"पण काकू, आता या वेळेला वाघ्या कुठून आणायचा?"

"आनायचा कशाला?" कुसाबाई म्हणाल्या. "ज्यानं कुत्री घालवली, त्यानं त्यांच्या जागी बसावं."

गोरक्षरावांनी वाटा शोधून पाहिल्या. पाठ दुखते म्हणाले. बहिरूअण्णांचं नाव सुचवलं. बहिरूअण्णांनी आपल्या माळकरी गळ्याला हात लावून दाखवला, ताटातला लसूण त्यांना वर्ज्य होता. शेवटी गोरक्षराव मैनाबाईंना बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. पण आधी त्या कॅमेऱ्याचं बटण बंद कर. त्या बाईनं हे पाहिलं तर आपण उद्याच नांदगावला."

मैनाबाई टीव्हीमागे गेल्या. तिथे बटणांची रांग होती. त्यांनी एक बटण दाबलं आणि मान हलवली.

मग गोरक्षराव खाली बसले, आधी गुडघ्यांवर, मग हातांवर. पहिलं ताट कुसाबाईंचं आलं.

"भुंक आधी."

ते हळूच भुंकले.

"आरं, देवाला ऐकू गेलं पायजे."

ते मोठ्यानं भुंकले. मफिननं चकित होऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि तोही भुंकला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" गल्ली गरजली. भंडारा उधळला गेला. गोरक्षराव पिवळे झाले, मफिन त्यांच्याहून पिवळा झाला. भरिताला तोंड लागलं. मग दुसरं ताट, मग तिसरं. कुणाचं भरीत जळजळीत तिखट, कुणाच्यात मीठ नाही. ही गुणवत्तेतली तफावत इन्स्पेक्शनवाल्याला खटकत होती, पण कुत्र्यानं शेरे मारायचे नसतात. मफिन पट्टा ताणून त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. गोरक्षरावांचं तोंड ताटात होतं आणि मफिन तेवढ्या वेळात त्यांचा कान चाटत होता.

शेवटी मैनाबाईंनी आपलं ताट पुढे केलं. नवऱ्याकडे पाहून त्यांना हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणीही आलं. "सावकाश खा," त्या म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढ्या मायेनं त्यांनी आधी कधी वाढलं होतं असं गोरक्षरावांना आठवेना.

बायका समाधानानं घरोघर जेवायला गेल्या. गोरक्षराव अजून उठण्याच्या प्रयत्नात होते, तोच टीव्ही लावायला गेलेल्या मैनाबाई म्हणाल्या, "अहो, टीव्ही का लागत नाही?"

गोरक्षरावांनी मान वर केली. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. मग भिंत बोलली.

"काका."

"मॅडम," गोरक्षराव गुडघ्यांवरच म्हणाले. त्यांना समोर नांदगावच्या दुकानातली खुर्ची स्पष्ट दिसली. "मॅडम, मी सगळं सांगतो."

"काही सांगू नका. गोंगाटात बोलणं कळलं नाही, पण मी सगळं पाहिलं." चैताली म्हणाली. "आमचा ट्रेनर रोहितला कधीपासून सांगतोय, कुत्र्याच्या पातळीवर उतरा, त्याच्यासोबत जेवा, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोला. रोहितला खाली बसायचीसुद्धा लाज वाटते. आणि तुम्ही काका, या वयात, चार पायांवर! मी रेकॉर्ड करून रोहितला दाखवलं. हे तुम्ही रोज करता?"

गोरक्षरावांनी बायकोकडे पाहिलं. मैनाबाईंनी जोरात होकाराची मान हलवली.

"रोजच," ते म्हणाले.

"आणि हळद! ती तर अँटिसेप्टिक असते ना?"

"असते."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवरून निघून नाशिकभर फिरला. फोन थांबेनात. इंदिरानगरची पॉमेरेनियन, कॉलेज रोडचा हस्की, पंचवटीतले दोन पग. मैनाबाई उत्साहानं फोन घेत होत्या आणि पुढच्या मे महिन्याच्या तारखा भरत चालल्या होत्या. मिरची आणि नर्सरी या शब्दांचा घरात उच्चारही होत नव्हता. गोरक्षराव गालावरची हळद खरवडत ऐकत होते. प्रत्येक जण एकच खात्री करून घेत होता. काका सोबत जेवतात ना? भुंकतात ना?

"हो तर," मैनाबाई सांगत होत्या. "तीन वेळा."

गोरक्षराव हळूच ओट्यावर गेले आणि स्वतः होऊन नांदगावला फोन लावला. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"सहादूभाऊ, ते दुकानाचं म्हणत होतात ना तुम्ही. मी उद्या निघतो."

पलीकडे सहादूभाऊंनी खाकरून घसा साफ केला.

"दाजी, खुर्ची तुमचीच हाय हो. पन तो व्हिडिओ हितं बी आलाय. मघापासून मानसं खत ऱ्हायलं बाजूला, तुमचीच चौकशी करत्यात. पोरं दुकानाबाहेर येऊन भुंकत्यात. तुम्ही हितं बसलात तर लय गर्दी व्हईल, आन् इकायचं काय नाय." मग ते आदरानं म्हणाले, "तुम्ही तिकडंच बरे. कामात हायेत, म्हनून सांगतो आता मी सगळ्यांना."

फोन ठेवून गोरक्षराव आत आले. मफिन शेपटी हलवत उभा होता. मैनाबाईंनी मोबाईल पुढे धरला होता आणि पडद्यावर एक अनोळखी बाई मांडीवरच्या हस्कीसकट वाट पाहत होत्या.

"अहो, कॉलेज रोडच्या मॅडम आहेत. त्यांना एकदा प्रत्यक्ष बघायचंय," मैनाबाई म्हणाल्या.

गोरक्षरावांनी चष्मा काढून टीपॉयवर ठेवला आणि ते खाली बसले, आधी गुडघ्यांवर.