आत तपासणी सुरू आहे

"त्यात काय हाय! खोलीच पायजे ना तुले? उद्या देतो."

हे वाक्य मी बायकोला अगदी सहज बोलून गेलो. (आमच्या घरातली बहुतेक संकटं माझ्या सहज बोलण्यातून सुरू होतात, असं माझ्या आईचं मत आहे. आईला तिचं मत कोणी विचारत नाही, पण ते असतं.)

ही गोष्ट चौसष्ट सालची. माझी बायको मैना मुलींच्या शाळेत मास्तरीण आणि मी शाळेला लागूनच असलेल्या पंचायत समितीच्या हापिसात कारकून. दिवाळीत आम्हाला मुलगी झाली. तीन महिन्यांची रजा संपली आणि मैना पुन्हा शाळेत जाऊ लागली. पण घर पडलं नदीपलीकडे कोसभर. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुटीत घरी जाऊन परत येणं काही जमेना. इकडे पान्हा दाटून मैनाला ठणका लागायचा आणि ओला झालेला ब्लाउज पदराखाली झाकून ती पोरींना पाढे शिकवायची. तिकडे पोरगी गाईचं दूध ओकून टाकायची आणि भुकेनं रडून रडून निळी पडायची.

उपाय मैनानंच काढला. तिनं दुपारी गडव्यात दूध काढायचं, मी ते सायकलवरून घरी न्यायचं आणि आईनं बोंडल्यानं पाजायचं. सगळं ठरलं. फक्त दूध काढायला आडोसा नव्हता. शाळेच्या दोन खोल्या, मध्ये तट्टा, आणि दारं म्हणाल तर पोत्याची. मैना तीन दिवस शाळेमागे राहणाऱ्या शकुबाईच्या घरी गेली. तिथं शकुबाईची सासू समोरच बसून पोरीच्या नक्षत्रापासून माझ्या पगारापर्यंत सगळी चौकशी करायची. तिन्ही दिवस शाळेत जायला उशीर झाला. हेडमास्तर पुंडलिकराव म्हणाले, "बाई, एक तं नोकरी करा, नाई तं लेकरू सांभाळा. सोमवारी मले काय ते सांगा."

त्या संध्याकाळी मैनानं ताटं वाढली. मग म्हणाली, "म्या तं श्रावणातच अर्ज केलता. बाईमानसाईसाठी एक बंद खोली द्या म्हनून. तुमच्याच हापिसात गेला तो. कोन्या टेबलावर पडला, कोन जाने."

"त्या टेबलाचा बाबू मठ्ठ असंन," मी म्हणालो. आणि लगेच ते वरचं वाक्य बोलून बसलो.

माझी योजना सोपी होती. हापिसातल्या दप्तरखान्यात वर्षभर झुरळांखेरीज कोणी फिरकत नाही आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. दुसऱ्या दिवशी एक वाजता मी मैनाला मागच्या दारानं आत नेलं. तेव्हा कळलं, की दाराला आतून कडीच नाही. लोटलं की ते कुरकुरत आपोआप उघडायचं. पाढा विसरलेल्या पोरीकडे बघावं तसं मैनानं माझ्याकडे बघितलं.

पण मी डगमगलो नाही. कपाटामागे एक पाटी पडली होती, मागच्या वर्षीच्या वार्षिक तपासणीची: 'आत तपासणी सुरू आहे. प्रवेश बंद.' मी ती दाराला टांगली आणि बाहेरून दाराला पाठ लावून उभा राहिलो. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं. हे कौतुक साधारण चार मिनिटं टिकलं.

आमचा शिपाई पूनमसिंग समोरून आला. त्याला वाचता येत नसे, पण ती पाटी तो ओळखत होता. मागच्या वर्षी ती टांगली तेव्हा त्याला तीन दिवस पट्टा बांधून उन्हात उभं राहावं लागलं होतं.

"बाबूजी, आत कोन हाय जी?"

आत माझी बायको दूध काढते आहे, हे सांगायची माझी हिंमत नव्हती. "हाय एक जन. तू जाय."

"यवतमाळचे हाय का?"

आमचं जिल्ह्याचं मोठं हापीस यवतमाळला, पण मैनाचं माहेरही तिथलंच. (मला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर मी इतका अडचणीत येतो.) "हो."

"साहेब कडक हाय का?"

"साहेब नाई, बाई हाय. अन् भल्ली कडक हाय."

"अरे बाप्पा!" म्हणून पूनमसिंग जो पळाला, तो दिसेनासा झाला.

पाच मिनिटांत हापिसाचं रूप पालटलं. स्टोअरकीपर खेमसिंग स्वतःच्या घरून हापिसची गॅसबत्ती घेऊन धापा टाकत आला. ओव्हरसियर हापिसची आरामखुर्ची घेऊन आले, तीही तिच्यावर झोपलेल्या सासऱ्यांना उठवून. गटविकास अधिकारी साहेब कॉलरची गुंडी लावत बाहेर आले आणि ओरडले, "पडून असलेले सगळे कागद काढा! एकूण एक टेबलाचे!"

कागदांचा ढीग लागला. माझ्या खुर्चीचा वेत फाटलेला होता, म्हणून मी काही जुने कागद घालून त्यावर बसायचो. पूनमसिंगानं तेही उचलून ढिगावर ठेवले.

साहेब माझ्या कानाशी आले. "विठ्ठलराव, रागात आहेत का हो?"

"घाईत आहेत, साहेब."

तेवढ्यात मागून दार ढकललं गेलं, मी दोन पावलं पुढे कोलमडलो आणि मैना झाकलेला गडवा घेऊन बाहेर आली. सगळं हापीस रांगेत उभं. साहेबांनी हात जोडले. "नमस्कार बाईसाहेब. काही त्रुटी आढळल्या का?"

मैनानं रांग पाहिली, पाटी पाहिली, मग मला पाहिलं. मी पळायच्या बेतात होतो. पण मैना छडी न घेता चाळीस पोरींचा वर्ग सांभाळते.

"आढळल्या," ती शाळेतल्या आवाजात म्हणाली. "दाराला आतून कडी नाही. बसायला पाट नाही. आणि मी तपासणीला आलेली नाही, साहेब. मी शेजारच्या शाळेतली शिक्षिका. घरी तान्ही पोर उपाशी आहे, तिच्यासाठी दूध काढत होते. जागेसाठी सहा महिन्यांपूर्वी अर्ज केला होता, अजून उत्तर नाही."

साहेबांचे हात जोडलेलेच राहिले. खेमसिंगानं गॅसबत्ती हळूच पाठीमागे लपवली. साहेबांचा चेहरा लाल होत चालला आणि ते माझ्याकडे वळले. इतक्यात पूनमसिंग बोलला. "साहेब, माह्याबी घरी लहान लेकरू हाय. बायको वावरात झाडाखाली बसते. अठी तं बाईले झाडबी नाई."

साहेबांचा राग उतरला. "अर्ज कुठे आहे तो?"

मैनानं ढीग चाळला आणि स्वतःचं अक्षर ओळखून एक कागद ओढला. बसून बसून तो पापडासारखा चपटा झाला होता. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "अर्जदार, सौ. मैनाबाई विठ्ठलराव. शेरा: अर्जदाराने गरज सिद्ध करावी. तोवर दप्तरी ठेवावे." मग ते सहीकडे बघत राहिले. "विठ्ठलराव, ही सही कोणाची?"

"ओळखीची वाटते, साहेब." (अर्जदाराचं नाव वाचायची आमच्याकडे पद्धत नाही.)

"गरज सिद्ध झाली," मैना म्हणाली आणि गडवा माझ्या हातात दिला. "निघा आता. पोरगी वाट पाहून राह्यली."

एका हातानं गडवा सांभाळत मी कोसभर सायकल मारली. पोरीनं बोंडलं रिकामं केलं, ढेकर दिली आणि माझ्याकडे बघून हसली. हापिसातून निघालेली एखादी गोष्ट माझ्या हातून वेळेवर पोचल्याची ती पहिलीच वेळ. मला खरंच भरून आलं.

साहेबांनी त्याच दिवशी कडी बसवून घेतली आणि पुंडलिकरावांना पत्र धाडलं. सोमवारी त्यांना विचारायला काही उरलं नाही. दप्तरखाना रोज एक ते दीड मैनाचा झाला. पाटी मात्र साहेबांनी तशीच ठेवली. ती टांगलेली असताना हापीस फार चांगलं चालतं, असं त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी दमून बसलो होतो. मैनाकडे चहाचा दुसरा कप मागितला. ती पोरीला घेऊन चुलीपाशी पाटावर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अर्ज करा. गरज सिद्ध करा."

मी अर्ज केला. ती बसते, त्या पाटाखाली आहे तो सध्या.