फोटोत माणूस नको

लिस्बनच्या एका उंच कठड्यापाशी मी आणि माझा नवरा लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो काढून घेत होतो. खाली लाल कौलांची घरं, त्यापलीकडे निळीशार नदी. फोटो ग्रुपवर टाकून मिनिट झालं नसेल, तर देवतळेंचा फोन.

"वहिनी, काय करून राहिल्या तुम्ही? नदी पूर्ण झाकली ना! बाजूला व्हा अन् पुन्हा काढा."

अभिनंदन नाही, शुभेच्छा नाहीत. बाजूला व्हा म्हणे! स्वतःच्या खर्चानं गेलेली बाई मी, आणि मीच अडगळ.

देवतळे आमचे इथले, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधल्या चँडलरचे शेजारी. दारासमोर दार. मूळचे नागपूरचे, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, वय पन्नाशीच्या आसपास. आमच्या मराठी ग्रुपमधलं कुणीही जगात कुठेही फिरायला गेलं, की हा माणूस घरी बसून त्यांची ट्रिप चालवतो. "फोटोत माणूस कशाला पाह्यजे? माणसं काय कमी आहेत का?" हे त्यांचं ब्रीदवाक्य. स्वित्झर्लंडला गेलेल्या जोशींना त्यांनी भर ग्रुपवर लिहिलं, "जोशी, आल्प्स तुमच्या पोटामागं गेले." जोशींनी महिनाभर अबोला धरला. क्योटोला हनिमूनला गेलेल्या पोराला तर सांगितलं, "नवरीला जरा बांबूमागं उभी कर." ती बिचारी रडलीच.

बरं, फोटोंवर भागत नाही. परत आलं की उलटतपासणी. चढ किती होता, पाय दुखले का, पाव कसला मिळतो, संध्याकाळी वारा सुटतो का. चहा पाजतात, डोळे मिटून ऐकतात आणि मधेच खेकसतात, "मोघम नका सांगू!"

एकदा मी म्हणालेच, "एवढी हौस आहे तर स्वतः जा ना यार!"

"जाऊ, जाऊ."

कधी गेले नाहीत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ग्रँड कॅनियनला मात्र स्वतः ड्राइव्ह करून नेतात. तिथे कुणी कितीही सेल्फी काढा, एक शब्द बोलत नाहीत. "ते घरचंच आहे," म्हणतात.

आम्ही लिस्बनहून परतल्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी ग्रुपवर टाकलं, "लिस्बन बाद. प्रत्येक फोटोत वहिनींचं डोकं." चाळीस लोकांसमोर! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुळात शांत बाई नाही. होते तशी, स्लिपर घालून, त्यांच्या दारात गेले. दार उघडंच होतं. देवतळे डायनिंग टेबलाशी पाठमोरे बसले होते. समोर डब्याला टेकवलेला फोन, त्यात त्यांची नागपूरची आई.

"लिस्बनला चढ फार, आई," ते सांगत होते. "पोटऱ्या भरून आल्या माझ्या."

माझ्या? अहो, त्या माझ्या पोटऱ्या होत्या! आदल्या दिवशी मीच त्यांना चहा पिता पिता सांगितलं होतं.

"हो, फिर तू," आई कडाडली. "जग फिरून राहिला अन् नागपूर तेवढं सापडत नाही तुला. बुधवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. येऊ नको बरं का! अजून एखादा देश राहिला असेल, तो पाहून घे. ठेवू नको फोन, गोळी घेऊन येते."

ती उठून गेली. मी आत शिरले. देवतळेंनी दचकून फोनचा आवाज बंद केला.

"लाज नाही वाटत? आईशी खोटं बोलता?"

एरवी अंगावर आले असते. या वेळी खाली मान घालून म्हणाले, "पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का कधीच संपला, वहिनी. इथं राहीपर्यंत ठीक आहे. पण देशाबाहेर पाय ठेवला की नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत येता येत नाही. दोनदा तिकीट काढलं, दोनदा अमेरिकन वकिलातीनं शिक्क्याची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. तिकडं अडकलो तर नोकरी जाते. पोरगी इथं कॉलेजात आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे झाले माझे."

मला भयंकर राग आला, आणि तो देवतळेंचा नव्हता. इतकी वर्षं राबवून घ्यायचं, टॅक्स कापून घ्यायचा आणि माणसाला आईच्या ऑपरेशनला जाऊ द्यायचं नाही, ही कुठली रीत? मेल्यांना आया नाहीत का?

"मग आईंना खरं सांगा ना!"

"खरं सांगितलं तर ती काळजीनं जेवत नाही. रागावली की दोन पोळ्या जास्त खाते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनपर्यंत तिला टेन्शन नको." त्यांनी घसरलेला फोन पुन्हा डब्याला टेकवला. "नालायक पोरगा परवडला तिला, अडकलेला नाही. अन् तिला माझे म्हणून पाठवलेल्या फोटोत तुमचं डोकं असलं की विचारते, तू कुठाय?"

तेवढ्यात आई चष्मा लावत परत आली. देवतळेंनी घाईघाईनं आवाज सुरू केला.

"ह्या कोण?"

"शेजारच्या वहिनी, आई."

"तुम्ही होत्या का याच्यासोबत लिस्बनला?"

देवतळेंनी माझ्याकडे पाहिलं. जगभर हुकूम सोडणाऱ्या त्या माणसानं टेबलाखाली हात जोडले.

"होते की!" मी तडकूनच बोलले. "जीव खाल्ला हो आई यांनी माझा! हा चढ चढा, तो चढ चढा. एक मिनिट स्वस्थ बसू दिलं नाही. चांगले कान उपटा यांचे!"

म्हातारी भडकली, पण माझ्यावर.

"त्याला काही बोलायचं काम नाही! मी आई आहे, मी बोलीन. बाप गेला तेव्हा शाळेत होता तो. घर सांभाळलं, बहिणीचं लग्न केलं, साध्या सहलीला कधी गेला नाही. आता फिरून राहिला तर फिरू द्या त्याला. माझं काय, ऑपरेशन डॉक्टर करतील. पण पोरगा कुठं अडकून पडला असता तर ते पाहवलं नसतं मला."

देवतळे उठले आणि सिंकचा नळ सोडून, तोंडावर पाणी मारत उभे राहिले. मी त्यांची खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले आणि आईंना लिस्बन सांगायला लागले, त्यांचा पोरगा कुठे धापा टाकत थांबला होता तेसुद्धा.